तपकिरी की पांढरं

सकाळचे सव्वासात. विभागाच्या पोर्चमध्ये निळे क्रेट मांडून ठेवलेत. एकात काचेच्या बाटल्या, दुसऱ्यात प्लास्टिकच्या, तिसऱ्यात हातमोजे, दोरी, स्टीलची बादली आणि कुणाचा तरी डबा. प्रयोगशाळेतले मामा ओठ हलवत बाटल्या मोजतायत. अठरा, एकोणीस, वीस. विसावीचं बूच बसत नाही. मामा तोंड वाकडं करतात, एकविसावीचं बूच काढतात आणि दोन्हींची अदलाबदल करतात. आता खट् असा आवाज येतो. बीओडीच्या बाटलीवर आणि तिच्या बुचावर एकच नंबर असतो; एकीचं बूच दुसरीला चालत नाही. "लग्न लागलेलं असतंय यांचं," मामा कुणाकडेही न बघता म्हणतात. हे वाक्य ते दर वर्षी म्हणतात. माझ्या वेळेलाही म्हणायचे.

बस साडेसातला येणार आहे. म्हणजे आठला.

पोरं पायऱ्यांवर बसलीयत. एमएस्सी पर्यावरणशास्त्र, दुसरं वर्ष. २२ जण, त्यांत १५ मुली. पेपरचं नाव 'पर्यावरण व्यवस्थापन आणि शाश्वत विकास'. एवढं लांब नाव वेळापत्रकाच्या चौकोनात मावत नाही, म्हणून तिथं 'ईएमएसडी' लिहितात आणि बोलताना नुसतं 'एसडी' म्हणतात. एक जण चिकटपट्टीच्या तुकड्यांवर मार्करनं ठिकाणांची नावं लिहितोय. एक जण मांडीवर चालू घडामोडींचं मासिक उघडं टाकून पेंगतोय. त्याचं एमएस्सी चालू आहे, पण लक्ष एमपीएससीकडे. एकीनं गमबूट चढवून बघितलेत. डावा सात नंबरचा निघालाय, उजवा नऊचा.

सर येतात. सर म्हणजे माझ्याच बॅचचा मित्र. पोरांसमोर मी त्याला अहोजाहो करतो. वर्षातून एकदा, मार्चच्या शेवटी, तो फोन करतो, "नदीवर चाललोय, येतोस?" आणि मी येतो. शिकत होतो तेव्हा आमचंही सँपलिंग याच नदीवर व्हायचं.

एक मुलगी कठड्याशी उभी आहे. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली लिटरची बाटली. हॉस्टेलवर तिला 'उजनी' म्हणतात, कारण घर इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. कालच घरून आलीय. फडकं सोडते. आतलं पाणी पोपटी आहे. नुसती झाक नव्हे, चांगलं पोपटी.

"सर, हे पण आज करूया का?"

सर बाटली उजेडात धरतात. "कधी भरलंस?"

"काल."

"किती वाजता?"

"वाजले नाही बघितले. गुरं पाण्यावर नेली तेव्हा."

"बर्फात ठेवलं होतंस?"

"एसटीत कुठला बर्फ, सर."

सर बाटली तिच्या हातात परत देतात. "नाही चालायचं. वेळ नाही, लेबल नाही, बर्फ नाही. हे पाणी आहे. सँपल नाही."

ती फडकं पुन्हा गुंडाळते. बाटली फेकत मात्र नाही. बस आल्यावर ती पायाशी उभी धरून बसते.

*

खडकवासल्याला ऊन अजून कोवळं आहे. रस्त्याच्या कडेला भज्यांच्या गाड्या झाकलेल्या. कणसांचे बुरखे आणि राख, काल रविवार होता. चौकीवरचा माणूस आमचं पत्र वाचतो. पुन्हा एकदा वाचतो. फोन लावतो. पलीकडून कुणी उचलत नाही. "थांबा जरा," तो म्हणतो. आम्ही थांबतो. या अभ्यासक्रमात थांबणं कुठल्याही क्रेडिटमध्ये मोजत नाहीत, पण शिकवतात सगळ्यात जास्त तेच.

समोर पाणी पसरलंय. हे धरण १८७९ सालचं. याच्या मागं पानशेत, वरसगाव, टेमघर. चौघांची मिळून साठवण २९ टीएमसीच्या आसपास. सर दगडावर बूट टेकवून विचारतात, "उन्हाळ्यात यातलं नदीत किती सोडतात?" कुणीतरी आकडा फेकतं, कुणीतरी दुसरा. सर मान हलवतात. पाणी नळांनी शहरात जातं, कालव्यांनी शेतात जातं. मुठेच्या पात्रात सोडायला ते फारसं उरत नाही.

"मग खाली शहरात जे वाहतं ते काय असतं, सर?"

"आपण," सर म्हणतात, आणि चौकीकडे बघतात. चौकीवरचा माणूस हात हलवतोय. जा.

काठाचा चिखल सुकून त्याच्या खपल्या निघालेल्या. दोघं गुडघाभर पाण्यात उतरतात. नियम असा, की वरचा तवंग घ्यायचा नाही, तळ ढवळायचा नाही. ३० सेंटिमीटर खाली बाटली धरायची. ३०० मिलिलिटरची बाटली तिरकी करून हळूच भरायची, बुडबुडा राहता कामा नये. एक बुडबुडा राहिला तर हवेतला ऑक्सिजन मोजला जातो, नदीतला नाही. पहिल्या बाटलीत बुडबुडा राहतो. ओतून द्या. दुसऱ्या बाटलीतही. तिसरी जमते.

आता पिपेट. टोक पाण्याच्या खाली बुडवून आधी २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, मग २ मिलिलिटर ते दुसरं, अल्कधर्मी आयोडाइड. बूच लावलं की चार मिलिलिटर पाणी बाहेर सांडतं. सांडू द्यायचं. मग बाटली उलटी-सुलटी, उलटी-सुलटी, पंधरा वेळा. सगळे डोकी जवळ आणतात.

बाटलीत ढग उठतो. आधी फिका, मग बघता बघता गडद, काकवीसारखा. त्याचा कणीदार साखा सावकाश खाली बसायला लागतो. पाण्यातल्या ऑक्सिजननं मँगनीज गंजलं, म्हणून तपकिरी. ऑक्सिजनच नसेल तर गंजणार कशानं? मग साखा पांढराच राहतो. ही विंक्लरची रीत १८८८ सालची. आज खिशात मावणारी मीटर मिळतात, पाण्यात दांडी बुडवली की पडद्यावर आकडा. विभागाकडेही असं एक मीटर आहे. सर ते दर वर्षी आणतात आणि दर वर्षी बसमध्येच ठेवतात.

"तपकिरी," वही घेतलेली मुलगी मोठ्यानं म्हणते आणि लिहिते. ठिकाण, तारीख, वेळ ८.५५, पाण्याचं तापमान, हवेचं तापमान, ढग नाहीत.

*

विठ्ठलवाडीला सावली आहे. घाट, देऊळ, झाडाचा पार. पारावर दोन म्हातारे एकच पेपर वाटून वाचतायत. पलीकडून एक नाला येऊन मिळतो; त्याचा राखी पट्टा नदीत बराच लांबवर वेगळा दिसत राहतो, पंचावर चहा सांडावा तसा. इथला साखा तपकिरीच, पण दूध जास्त झालेल्या चहाचा.

निम्मा वर्ग सर्वेक्षणाला लागतो. पाच पानी प्रश्नावली, क्लिपबोर्ड, दोरीनं बांधलेलं पेन. फुलं विकणाऱ्या आजींसमोर दोन मुली उकिडव्या बसतात.

"आजी, तुम्ही नदीचा वापर कशासाठी करता? पिण्यासाठी, धुण्यासाठी, जनावरांसाठी, शेतीसाठी, की इतर?"

आजी गजऱ्याची गाठ दातानं तोडतात. "दर्शनाला."

मुली एकमेकींकडे बघतात. 'इतर'वर खूण होते.

"हेच पाणी म्होरं पंढरीला जातंय न्हवं?" आता आजी विचारतात. "मुठा भीमेला मिळती, भीमा पंढरीला. तिथं तिला चंद्रभागा म्हणत्यात."

"हो, आजी."

"मंग ते पण लिवा."

प्रश्नावलीत त्याला रकाना नाही. मुलगी क्षणभर पेन धरून बसते, मग पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते.

*

साडेअकरा. भिडे पूल. इथं सावली नाही. डांबरातून वाफ येते, बाजूनं दुचाक्यांची रांग हॉर्न देत सरकते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की हा पूल पाण्याखाली जातो आणि बातमीत येतो. आत्ता त्याच्याखाली काळसर पाणी जागच्या जागी चुळबुळ करतंय. दोरीला बांधलेली बादली सोडली जाते. लगेच दोन जण थांबतात, मग पाच, मग दहा.

"काय, मोबाइल पडला का?"

"नाही काका, सँपल घेतोय."

"कसलं?"

"पाण्याचं."

काका बादलीत वाकून बघतात. "यात काय बघायचंय? दिसतंय की." आणि किक मारून निघून जातात. मागच्या रिक्षावाल्याचा सल्ला जास्त कामाचा असतो: सकाळी सहाला या, तेव्हा वास कमी असतो. सर त्याला वेळ पुन्हा विचारून घेतात.

खाली गाळाच्या बेटावर शेकाटे आहेत, वीस-पंचवीस. लांब लाल पाय, टाचणीसारख्या चोची, गाळात टुचटुच टोचतायत. एका पोराला त्यांचं मोठं कौतुक वाटतं. पक्षी आहेत म्हणजे नदी बरी आहे, असं तो म्हणतो. सर त्याला काठीवर थोडा गाळ काढून दाखवतात. गाळात दोऱ्याएवढ्या लालभडक अळ्या वळवळतायत. रक्तातल्यासारखंच हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असतं, त्याच्या जोरावर त्या जवळजवळ ऑक्सिजन नसलेल्या चिखलात तग धरतात. शेकाटे त्यांनाच खायला आलेत. पोरगा वहीत आधी लिहिलेली ओळ खोडतो.

पुलावरून पेठांच्या बाजूला बघितलं की जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती दिसतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी तिथवर आत शिरलं होतं. वर्गात आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रकरणात हा एक परिच्छेद आहे. माझ्या आजीकडे त्या दिवसाचा एक परातीएवढा डाग होता, लाकडी कपाटावर. आम्ही त्याला पुराची रेघ म्हणायचो. परिच्छेदात आणि कपाटात मला कायम कपाट खरं वाटत आलंय, पण मार्क परिच्छेदाला होते.

"आंघोळीच्या पाण्याचं मानक?" सर बादलीवरून विचारतात.

"डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, ५ किंवा जास्त. बीओडी, म्हणजे जंतूंना लागणारा ऑक्सिजन, ३ किंवा कमी."

"एकक?"

"मिलिग्रॅम पर लिटर."

बादलीतलं पाणी बाटलीत नळीनं उतरवलं जातं. तपकिरी म्हणावं की नाही, यावर वाद. शेवटी वहीत 'फिकट तपकिरी' अशी तडजोड होते. उजनी काहीच बोलत नाही. ती बादलीच्या कडेला राहिलेला तेलकट रंग बघतेय.

*

मुंढव्याच्या अलीकडे बस थांबते तेव्हा सव्वा वाजलाय. दार उघडण्याआधीच वास आत आलेला असतो. सडक्या अंड्यांचा. काही जणी ओढणी नाकाला लावतात, काही जणी लावत नाहीत. आज सगळ्यांनी सगळं करून दाखवायचं ठरवलंय.

पात्र दिसत नाही. जलपर्णी दिसते. इतकी दाट, हिरवीगार, जांभळ्या फुलांची, की परक्या माणसाला ते कुरणच वाटावं. एक कुत्रं खरोखर त्यावर पाय टाकून बघतं आणि मागं सरतं. बंधाऱ्याखाली फेस. पांढरा, टोपल्याएवढे गोळे. वारा आला की एखादा सुटतो आणि उडत रस्त्यावर येतो. कुठंतरी पंप घरघरतायत. इथल्या जॅकवेलमधून शहराचं वापरून झालेलं, प्रक्रिया केलेलं पाणी उचलून बेबी कालव्यात टाकतात, खालच्या शेतीसाठी.

टपरीवरच्या बाईंकडे सगळे पाणी मागतात. बाई जारमधलं देतात. "इथं पायातल्या चांदीला महिनाभरात काळं चढतं बघा," त्या सांगतात. सर्वेक्षणवाल्या मुली प्रश्नावली काढतच नाहीत. पुस्तकात हायड्रोजन सल्फाइडचं एक अख्खं पान आहे, हे वाक्य त्या पानात नाही.

नाल्याच्या तोंडाशी उतरायला वाट अशी नाही. मामा पुढं, मागं एमपीएससीवाला. सकाळी पेंगत होता, आता बाही कोपरापर्यंत सारून तोच सगळ्यांच्या पुढं आहे. बाटली भरली. बुडबुडा नाही. २ मिलिलिटर. २ मिलिलिटर. बूच. उलटी-सुलटी, उलटी-सुलटी.

ढग उठतो. सगळे वाट बघतात. ढग तसाच राहतो.

"हलव अजून."

तो हलवतो. वीस वेळा, तीस वेळा. बाटलीत पांढरा साखा सावकाश खाली बसतो. नासलेल्या दुधासारखा. कुणी काही बोलत नाही. वर रस्त्यावरून डंपर जातो.

"केमिकल गेलं असेल, सर. उन्हात होतं."

"मग दुसरी भर."

दुसरी बाटली, ताजी पिपेट, उघडलेली नवी बाटली केमिकलची. ढग. पांढरा. सकाळची खडकवासल्याची बाटली कुणीतरी खोक्यातून काढून शेजारी धरतं. एक काकवी, एक दूध. दोन्हींवरच्या लेबलवर मुठाच आहे. दुसरीवर फक्त आधी मुळा आणि मधे एक आडवी रेघ वाढलीय, मुळा-मुठा.

"लिही," सर वहीवालीला म्हणतात.

ती लिहिते, पांढरं. मग वेळ. १.३५.

*

प्रयोगशाळेत पंखे आहेत पण लावता येत नाहीत, बर्नर विझतात. तीन ब्युरेट, २२ माणसं, रांग. सीओडीच्या नळ्या तापायला ठेवल्यात. सल्फ्युरिक आम्ल, पोटॅशियम डायक्रोमेट, १५० अंश, दोन तास. आत घातल्या तेव्हा सगळ्या नळ्या संत्र्याच्या रंगाच्या होत्या. घाण जेवढी जास्त, तेवढा डायक्रोमेट खर्ची पडतो आणि नळी हिरवी व्हायला लागते. मुंढव्याच्या नळीनं अर्ध्या तासातच रंग बदलायला घेतलाय. टेबलाखाली पांढरे कॅन ओळीनं उभे. त्यांवर लाल अक्षरांत 'क्रोमियम, पारा. बेसिनमध्ये ओतू नये'. मागच्या वर्षीचेही दोन कॅन अजून तिथंच आहेत.

दोन तास नुसतं बसायचं कसं, म्हणून सर शेजारच्या वर्गात जनसुनावणी लावतात. खोटीखोटी. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं मोठ्या प्रकल्पाआधी ती घ्यावी लागते, निदान ३० दिवस आधी जाहीर करून, अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत देऊन. प्रकल्प, नदीकाठचा एक कारखाना, सरांनीच रचलेला. एक मुलगी जिल्हाधिकाऱ्यांची प्रतिनिधी. दोघं सरपंच, कारण दोघांनाही सरपंच व्हायचंय. एमपीएससीवाला कंपनीचा सल्लागार. उजनी शेतकरी. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

सल्लागार उभा राहतो. "आम्ही बेसलाइन डेटा कलेक्ट केला आहे आणि सिग्निफिकंट इम्पॅक्टसाठी मिटिगेशन मेझर्स सजेस्ट केले आहेत."

"मराठीत बोल," सर मागच्या बाकावरून म्हणतात. "समोर गाव बसलंय."

"म्हणजे... शमन. उपशमन."

"म्हणजे काय करणार?" उजनी विचारते.

"पाणी शुद्ध करून सोडणार."

"नदीचं पाणी आधी कसं होतं, ते तपासलं?"

"हो. वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला."

"कुठल्या महिन्यात?"

"फेब्रुवारी."

"किती वाजता?"

वर्गात हशा पिकतो. सल्लागार पानं चाळतो, खरंच चाळतो, कारण सरांनी त्याला खऱ्याखुऱ्या अहवालाच्या धर्तीवरची फाइल दिलीय, तक्ते, नकाशे, स्पायरल बाइंडिंग, सगळं. तक्त्यात डीओ आहे, बीओडी आहे, पीएच आहे. वेळेचा रकाना नाही.

"वेळ... उपलब्ध नाही," तो म्हणतो.

सर हसत नाहीत. ते वहीत काहीतरी टिपून घेतात.

या वर्गातली निम्मी पोरं दोन वर्षांत खरोखर त्या खुर्चीत बसतील. एखाद्या सल्लागार कंपनीत, नाहीतर एमआयडीसीतल्या सांडपाणी प्रकल्पावर रात्रपाळीला. काही जण ईएसजीचे, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभाराचे तक्ते भरतील. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून असा हिशोब द्यावा लागतो, म्हणून तिकडं आता मागणी आहे. भिंतीवर शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांचा रंगीत तक्ता लावलाय. सहावं निळं, स्वच्छ पाण्याचं. त्याच्या कोपऱ्यावर कुणीतरी हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीची तक्रार पेन्सिलीनं लिहून ठेवलीय. तक्त्याखाली १९७२, १९८७, १९९२, २०१५ अशी सालं. स्टॉकहोम, ब्रुंटलँड अहवाल, रिओ, आणि ही १७ उद्दिष्टं. परीक्षेत जोड्या लावायला येतात.

साडेचार. टायट्रेशन. साख्यावर २ मिलिलिटर आम्ल पडलं की तो विरघळतो आणि बाटली पिवळी होते, ऑक्सिजन जेवढा तेवढी गडद. खडकवासल्याची केशरी सरबतासारखी. ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब. पिवळा रंग फिका पडला की स्टार्च. एकदम शाईसारखी निळी. पुन्हा थेंब. थेंब. एक डोळा रेघेवर, एक बाटलीवर. निळं जातं, लख्ख पाणी. इथं एक मिलिलिटर म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, गणित सोपं आहे. साडेसहा की सहा पूर्णांक सात दशांश, यावर दोघांची हुज्जत. पुन्हा करा.

मुंढव्याची बाटली येते. आम्ल घातलं, साखा विरघळला, पिवळं काही नाही. स्टार्च घातला. निळं नाही. ब्युरेटची तोटी उघडायची वेळच येत नाही.

"शून्य लिहू, सर?"

"तुझ्या पद्धतीला शून्य कळतं का?"

ती थांबते. "नाही. आपल्याला सापडला नाही, एवढंच कळतं."

"मग तेच लिही."

बीओडीच्या बाटल्या कपाटाएवढ्या इन्क्युबेटरमध्ये रचल्या जातात. २७ अंश, तीन दिवस. जुन्या पुस्तकांत पाच दिवस आणि २० अंश असतात. पाचच का, याची सर दर वर्षी एक गोष्ट सांगतात: ही चाचणी बसवली इंग्लंडात, आणि तिथल्या नद्यांचं पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतं, त्यापुढची काळजी कशाला, असा हिशोब. आपल्याकडं ऊन जास्त, जंतू चपळ, म्हणून तीन दिवस. आणि समुद्र? मुठेचं पाणी मुळेतून भीमेत, भीमेतून ११७ टीएमसीच्या उजनीत, तिथून पंढरपूर, पुढं कृष्णा, आणि मग कुठं पूर्वेचा समुद्र. पाच दिवसांत ते उजनीच्या भिंतीपलीकडंही जात नसेल, असं कुणीतरी म्हणतं. उजनी खिडकीतल्या तिच्या पोपटी बाटलीकडे बघते. दिवसभरात वर साय धरलीय.

दार बंद होतं. लाल दिवा लागतो. मामा खडूनं दारावर लिहितात: सोम, सायं. ५.२०.

*

गुरुवारी मी मुद्दाम पुन्हा येतो. वर्ग अर्धा रिकामा. सबमिशन जवळ आलंय, झेरॉक्सच्या दुकानात रांग. ज्यांची पाळी आहे ते बाटल्या काढतायत, रीडिंग घेतायत, जर्नलमध्ये उतरवतायत. तक्ता तयार होतोय. रेघा सरळ, आकडे एकाखाली एक. चार ठिकाणं, चार ओळी. तक्त्यात वास येत नाही.

उजनी सरांच्या टेबलापाशी उभी आहे.

"सर, मी परत घेऊन आले तर? लेबल लावून, वेळ लिहून."

"किती वाजता भरशील?"

"तुम्ही सांगा त्या वेळेला."

सर खुर्ची मागं घेतात. "तुमचं पाणी हिरवं आहे, म्हणजे शेवाळानं भरलंय. दिवसा ते ऊन खातं आणि ऑक्सिजन सोडतं. दुपारी दोनला बघशील तर खडकवासल्याहून गडद तपकिरी निघेल. रात्री ऊन नाही, तेव्हा तेच शेवाळ ऑक्सिजन ओढून घेतं. उजाडायच्या आधी त्याच जागी, त्याच पाण्यात..." ते वाक्य पुरं करत नाहीत.

"मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात, सर. चिलापी. आजोबा म्हणतात, देवाचं नाव घेतायत."

सर तिच्याकडे बघत राहतात.

"दोन बाटल्या घेऊन जा," ते म्हणतात. "टायट्रेशनचं नंतर बघू. जाग्यावर साखा पाड, रंग बघ, फोटो काढ. हातमोजे घाल, ते अल्कली कातडीला लागता कामा नये. धाकट्या भावाला लांब ठेव."

"बहीण आहे, सर."

"तिला जवळ ठेव. वेळ तिला लिहायला सांग."

मामा कपाटातून दोन बाटल्या काढतात. विसावी आणि एकविसावी. दोन्हींची बुचं दोऱ्यानं त्यांच्या-त्यांच्या मानेला बांधतात, घट्ट, दुहेरी गाठ मारून. केमिकलच्या दोन छोट्या कुप्या, दोन ड्रॉपर, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून जुन्या डब्यात. उजनी चिकटपट्टीचे दोन तुकडे फाडते, टेबलाच्या कडेवर चिकटवते आणि मार्कर उघडते.

ठिकाण: उजनी फुगवटा, आमच्या रानाखाली.

"रानाखाली म्हणजे?"

ती विचार करते, रानाखाली खोडत नाही, पुढं कंसात लिहिते: जुन्या बाभळीपासून पाच पावलं आत.

तारीख: दोन्हींवर रविवारची.

वेळ: एकीवर दुपारी २. दुसरीवर ती मार्कर टेकवते आणि उचलते.

"पहाटेचे किती, सर?"

"ते पाण्याला विचार. कोंबडा आरवायच्या आधी जा."

ती तिथं जागा मोकळी ठेवते, टोपण लावते, आणि स्वारगेटला जायला रिक्षा बघायला खाली जाते. मामा मागून जिन्यावर ओरडतात, "बुचांची अदलाबदल करू नको गं!"